चोरओटीतलं पपनस

आई,

काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुझ्या नातीच्या पोटात बाळ हललं. वेळ इतकी नेमकी सांगतेय कारण मी लगेच घड्याळ पाहिलं. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली की ही खोड जात नाही. ती सोफ्यावर पाय वर घेऊन कुरमुरे खात होती, मी समोर मेथी निवडत होते. एकदम तिचं तोंड चालायचं थांबलं. माझा हात ओढून तिने पोटावर ठेवला आणि म्हणाली, "आई, बघ. हे गॅसेस नाहीयेत हां." पाचवा महिना आहे, बाहेरून हाताला एवढ्यात काही लागत नाही. मला काहीच लागलं नाही. तरी मी म्हटलं, "हो गं, लागलं." खोटं बोलायची माझी सवय जुनी आहे, त्या सवयीबद्दल पुढे येईलच. पण काल रात्रीपासून मला हे कुणाला तरी सांगायचं आहे, आणि सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. तुझ्या जावयांना सांगून झालंय. ते म्हणाले, "अगं, चौथ्यांदा सांगतेयस."

आता तुला काही म्हणजे काहीच ठाऊक नाही, तेव्हा मुळापासून सांगते. मी नऊ वर्षांची असताना तू गेलीस. त्यानंतर मी वाढले, नोकरीला लागले, लग्न केलं, आणि उशिरा का होईना, मला एक मुलगी झाली. ती सत्तावीस वर्षांची असताना एका सकाळी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "माझा चेहरा असा फुगलाय का?" मी तिच्या डोळ्यांखालची सूज पाहिली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. ती सूज मी ओळखली होती. फणसवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत, गॅलरीच्या बाजूच्या पलंगावर, ती मी आधी पाहिली होती. पुढे तपासण्या झाल्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळलं, दीड वर्ष आठवड्यातून तीनदा ती यंत्राला लावून रक्त साफ करून घेत होती. त्यानंतर बासष्टाव्या वर्षी मी माझी एक किडनी तिला दिली. हो, खरंच. काढतात आणि दुसऱ्याला बसवतात. तुला हे कुणी सांगितलं असतं तर तू पदराने तोंड झाकून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "भोपळ्याची फोड आहे का ती?"

गंमत पुढेच आहे. ती किडनी कमरेत मागे बसवत नाहीत, पुढे ओटीपोटात उजव्या बाजूला बसवतात. डॉक्टरांनी मूल होऊ द्यायला परवानगी दिली ती चार वर्षांनी. आधी एक गोळी बंद केली, कारण ती बाळाला चालत नाही, तिच्या जागी दुसरी दिली, सहा महिने वाट पाहिली, आणि मग कुठे हो म्हणाले. परवा सोनोग्राफीला मी तिच्याबरोबर आत गेले होते. पडद्यावर बोट ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही आजींची किडनी. आणि हे आजींचं नातवंड." अगदी शेजारीशेजारी, चाळीतल्या खोल्यांसारखी, भिंतीला भिंत लागून. मी एवढी हसले की बाहेर बसलेल्या बायका दाराकडे बघायला लागल्या. हे कार्टं जन्माला यायच्या आधीच आजीला लाथा मारणार आहे, आई. आणि ती किडनी मुळात घडली कुठे? तुझ्या पोटात. म्हणजे तुझ्याकडून निघालेली वस्तू माझ्याकडून फिरून पुन्हा एका बाळाच्या शेजारी जाऊन बसली आहे. मला हे आठवलं की भाजी करपते. गेल्या आठवड्यात दोनदा करपली.

पण तुला चोरओटीचं सांगायला हवं, आणि त्याआधी पपनसाचं.

तुला दिवस होते तेव्हा सगळं गिरगाव पेटलेलं होतं. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा. आप्पा फोर्टातल्या ऑफिसातून चालत घरी येत आणि दारातच सांगत, आज अमुक रस्ता बंद, आज तमुक ठिकाणी लाठीमार. आम्ही पोरं गॅलरीत रांगेने उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडत असू. तू आतून हाक मारतेस. तुझ्या मांडीवर एक मोठं पपनस आहे, आप्पांनी बाजारातून आणलेलं. त्याची जाड साल तू सुरीने वरून गोल कापतेस, अलगद सोडवतेस आणि माझ्या डोक्यावर टोपीसारखी बसवतेस. "जा, आता घोषणा दे. टोपीशिवाय पुढारी होत नाही." मी ती हिरवी टोपी घालून गॅलरीत गेले आणि सगळी चाळ हसली. मग तू एकेक फोड सोलतेस, आतला गुलाबी गर बाजूला काढतेस, त्यावर मीठ भुरभुरवतेस, आधी माझ्या तोंडात घालतेस. पोटावर हात ठेवून म्हणतेस, "बघू हं, आधी बाळ येतंय की आधी महाराष्ट्र." मी म्हणाले होते, बाळ. मला भाऊ हवा होता. तुला काय हवं होतं ते मी विचारलंच नाही.

नंतर तुझे पाय सुजले. चपला होईनात, आप्पांच्या चपला घालून तू नळावर जायचीस. मग चेहरा सुजला, बांगड्या रुतायला लागल्या. डॉक्टर आले, त्यांनी लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर धरली, आणि आत्याला बाजूला घेऊन सांगितलं की मूत्रपिंडं बिघडली आहेत, मीठ अगदी बंद. आत्या आपल्याकडे राहायला आली होती, घर तिच्या ताब्यात होतं. तिने मिठाची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. तुझी अळणी आमटी, अळणी भाकरी. तू दोन घास खायचीस आणि ताट सरकवायचीस. एका दुपारी आत्या खाली गेली असताना तू मला म्हणालीस, "बाळा, पपनसाची एक फोड आहे. तिला मीठ नसेल तर ती मला औषधासारखी लागते." एवढंच. मागितलं नाहीस. मी पाटावर डबा ठेवला, डब्यावर चढले आणि बरणीतला एक खडा काढून आणला. तेव्हा मीठ खड्यांचंच असे. तू फोड त्या खड्यावर घासलीस आणि डोळे मिटून खाल्लीस. इतक्या आवडीने खाताना मी कुणाला पाहिलं नव्हतं, पुढेही कधी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी आत्याला चादरीवर खडा सापडला. तिने माझा दंड धरला. "हे कुणी आणलं? आईला मारायचंय का तुला?" तू उशीवरून म्हणालीस, "तिला कशाला ओरडताय वन्सं? मीच उठून घेतलं." तुला तेव्हा उठून बसताही येत नव्हतं. आत्या माझ्याकडे पाहत राहिली आणि तिने माझा दंड सोडला.

त्यानंतर आठव्या दिवशी तू गेलीस. बाळ तुझ्या आदल्या दिवशी गेलं. महाराष्ट्र त्यानंतर काही वर्षांनी झाला. वाडीत पेढे वाटले, रोषणाई झाली, मी गॅलरीत उभी होते आणि मला फक्त एवढंच सुचत होतं की दोघांपैकी निदान एक तरी आला.

आत्याने लोकांना सांगितलं की तू तापाने गेलीस. आप्पांनाही तिने तेच बोलायला लावलं. मोठी झाल्यावर मला कारण कळलं. आईला बाळंतपणात असं काही झालं म्हटल्यावर मुलीला कोण मागणी घालणार, ही तिची काळजी होती. तिच्या दृष्टीने ती माझंच भलं बघत होती. मग तो ताप घरात एवढा रुळला की आप्पासुद्धा शेवटी शेवटी त्याला टायफॉईड म्हणायला लागले. मीही सासरी तेच सांगितलं. तुझ्या नातीलाही तेच सांगितलं.

आणि परळच्या हॉस्पिटलातही तेच सांगितलं. किडनी द्यायची म्हणजे आधी देणाऱ्याची सगळी चौकशी होते. टेबलापलीकडच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, तुमच्या आईवडिलांपैकी कुणाला किडनीचा त्रास?" तुझ्या जावयांना शुगर होती म्हणून त्यांना आधीच बाजूला काढलं होतं. मी नाही तर कुणीच नाही, अशी परिस्थिती होती. बाहेर बाकावर माझी मुलगी दंडावरच्या सुयांच्या गाठी ओढणीने झाकून बसली होती. मी म्हटलं, "नाही हो. आई टायफॉईडने गेली." त्याने तसं लिहून घेतलं. माझ्या बाकीच्या तपासण्या इतक्या चांगल्या आल्या की तो म्हणाला, तिशीतल्या बाईसारखी किडनी आहे तुमची. मी तरंगतच बाहेर आले. तुझी मला अजिबात आठवण आली नाही त्या वेळी, खरं सांगते. नंतर मात्र रोज यायला लागली.

तर चोरओटी. गणपती गेले आणि तुझ्या नातीला तिसरा महिना लागला. आम्ही दोघं, ती आणि माझा जावई, एवढ्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता गुपचूप ओटी भरायची, हे तूच मला दाखवलंस. तुझी ओटी शेजारच्या काकूंनी भरली तेव्हा मी दाराशी पहारा देत होते. म्हणून एका दुपारी पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घेऊन मी शीवला तिच्या घरी निघाले. पाच फळं घ्यायला दादरच्या मंडईत थांबले. केळी, चिकू, सफरचंद, सीताफळ झालं, आणि पाचव्याला माझी नजर पपनसावर गेली. तू गेल्यापासून मी ते घरात आणलं नव्हतं. फळवाला म्हणाला, "घ्या मावशी, आतून गुलाबी आहे." मी एवढी आनंदात होते की घेऊन टाकलं.

तिने ओढणीचा पदर करून पुढे धरला. मी एकेक फळ घालत गेले. पपनस पडलं तशी ती हसायला लागली. "आई, हे नाही चालत मला. माझ्या गोळीचं आणि याचं भांडण आहे. रक्तात गोळी वाढते याने." मी म्हटलं, पण तुझ्या कागदावर तर वेगळंच कसलंतरी इंग्रजी फळ होतं, मला वाटलं ते परदेशात मिळत असेल. "अगं, त्याचंच हे भावंड आहे. आपल्याकडे कधी येतच नाही, म्हणून बोलायची वेळ आली नाही." तिने ते उचलून माझ्या हातात दिलं. "तू खा. मस्त सोलून, मीठ लावून." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई तशीच खायची. मीठ बंद केलं होतं तरी खायची."

ती ओढणी तशीच धरून उभी राहिली. ज्या मुलीने दीड वर्ष अळणी खाल्लंय तिच्यासमोर मी हे बोलले होते. "मीठ बंद? का?" मी नारळ नीट करायला लागले. "आई, टायफॉईडला मीठ बंद करत नाहीत. मीठ कशाला बंद करतात ते मला नको सांगूस." मग मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच, ओटी अर्धी भरलेली असताना. पाय, चेहरा, बांगड्या, काचेची नळी, तू, बाळ. मला वाटलं, ती म्हणेल की माझ्या पोटात बाळ असताना हे लपवलंस. ती म्हणाली, "आणि तू एक काढून दिलीस? तुझी उरलेली पण गेली असती म्हणजे? मला वेड लागलं असतं, कळतंय का तुला?" तांदूळ जमिनीवर सांडले. ती खाली बसून रडली आणि तांदूळ वेचायला मीही खाली बसले. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाली, "आता पूर्ण तरी भर. अर्धी ओटी ठेवतात का?" पाचवं फळ म्हणून फ्रिजमधलं एक मोसंबं घातलं.

तिसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. बाई चाळिशीच्या असतील, पण रागावल्या आत्यासारख्या. "आजी, ज्याच्या हातात फाइल असते त्याच्याशी खोटं बोलायचं नसतं." मी मान खाली घातली. मग त्यांनी माझी लघवी तपासली, रक्त तपासलं, आणि माझी उरलेली किडनी ठणठणीत असल्याचं सांगितलं. थोडं ब्लडप्रेशर आहे, तेवढं मीठ कमी करा म्हणाल्या. तुझ्या नातीला एक छोटी गोळी रोजची वाढवून दिली, घरी रोज दोनदा ब्लडप्रेशर मोजायचं आणि दर पंधरवड्याला दाखवायला यायचं ठरलं. "हे कळलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता आम्ही आधीपासून डोळ्यांत तेल घालून बसू." म्हणजे बघ, तुझी सूज इतक्या वर्षांनी कामाला आली. धोका टळलाय असं नाही, अजून चार महिने काढायचे आहेत. जपूनच पावलं टाकायची आहेत. पण प्रत्येक भेटीत आकडे चांगले येतायत, बाळाची वाढ वेळेवर आहे, आणि काल ते हललं.

त्याच दिवशी तुझी नात केसपेपर घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी मागे राहिले. बाईंना म्हटलं, "एक विचारू? ओळखीतल्या एका बाईंचं आहे, जुन्या काळातलं. त्यांची किडनी गेली होती, आणि घरातल्या एका मुलीने त्यांना चोरून मीठ दिलं. तीन दिवस. खड्याएवढं. त्याने काही झालं असेल का?" बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. "आजी, खडाभर मिठाने कुणी जात नाही. त्या काळात डायलिसिस नव्हतं, म्हणून माणसं जायची. त्या मुलीला सांगा." मी जिन्यावरून खाली आले आणि मधल्या पायरीवर बसून राहिले. नात घाबरली, तिला वाटलं चक्कर आली. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. त्या खड्याचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या जावयांनाही नाही. तूही कुणाला सांगितलं नाहीस, उलट माझ्यावरचा आळ अंगावर घेतलास. आत्याला कळलं असेलही, पण तिने मरेपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही.

आज सकाळी मंडईत गेले तर त्या फळवाल्याकडे दोनच पपनसं उरली होती. म्हणाला, आता संपली, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी या दिवसांत ते पोर सात-आठ महिन्यांचं असेल. पपनसाची टोपी त्याच्या कानांपर्यंत येईल. मी एक घेतलं.

हे पत्र कुठे ठेवावं ते कळत नाही. माझ्या फाइली आता तुझी नात तपासते. औषधांचा डबा तपासते, लोणच्याची बरणीसुद्धा ती घेऊन गेली. तिला सापडायला नको, म्हणजे फाडावंच लागेल. पण जरा थांब, आधी हे पपनस खाऊन घेते. साल तुझ्यासारखी गोल निघाली नाही, मधेच फाटली. फोडी मात्र आतून खरंच गुलाबी आहेत, आणि मी त्यांवर चिमूटभर मीठ घातलंय. तुझ्या नातीला सांगू नकोस.